एक बोट उतार

डोंगरावरचा फुलोरा यंदा महिनाभर आधीच आटोपला. पाऊस नीट झाला नाही, झुडपांना कळ्या आल्या त्या तशाच वाळून गळाल्या, आणि घरामागच्या उतारावर ओळीने मांडलेल्या चाळीस मधपेट्यांच्या तोंडाशी रोज सकाळी मेलेल्या माश्यांचा कचरा दिसायला लागला. सासरा रोज ओळीने फिरायचा. प्रत्येक पेटी मागच्या बाजूने जराशी उचलून वजन अजमावायचा आणि मान हलवून खाली ठेवायचा. साखरेचं पाणी पाजून दहा दिवस काढले होते. आणखी दहा निघाले नसते.

खाली, घाट उतरल्यावर, सूर्यफूल फुललं होतं. शेतवाल्याचा सकाळीच फोन आला. "उद्या दुपारपर्यंत पेट्या आणा. दुसरा एक मधवाला जागा मागतोय, त्याला मी दुपारपर्यंतच थोपवलंय. मग मला बोल लावू नका."

उद्या दुपार म्हणजे आज संध्याकाळी पेट्या बंद करायच्या, लादायच्या आणि पहाटे निघायचं. माश्या बंद पेटीत ऊन सोसत नाहीत. नऊच्या आत खाली पोचलं तर ठीक, नाहीतर आतल्या आत उकडून मरतात. हे सगळं घरातल्या तिघांनाही, सासऱ्याला, नवऱ्याला आणि सुनेला, पाठ होतं. अडत होतं ते घाटात.

गेल्या वर्षी याच दिवसांत ट्रेलर घाटात पिकअपच्या अंगावर आला होता. ट्रेलर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. त्याच्या चाकांत विजेचे ब्रेक होते, पण त्यांच्या वायरी तुटून लोंबत होत्या आणि त्या जोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. वळणावर नवऱ्याने पिकअपचा ब्रेक दाबला, पिकअप थांबायला लागली, ट्रेलर थांबेना. आधी तो डावी-उजवीकडे झुलला आणि मग त्याने पिकअपला मागून ढकलत कठड्यावर नेऊन आपटलं. साठ पेट्यांतल्या वीस फुटल्या. सासऱ्याचं उजवं मनगट मोडलं, ते जुळलं पण बोटं मिटेनात. नवऱ्याला साधा ओरखडा उठला नाही, आणि तेच त्याला वर्षभर पुरलं. तेव्हापासून त्याने ट्रेलर जोडून गाडी चालवली नव्हती. घरी कुणी आलं, हाताची चौकशी केली, की म्हातारा हात पुढे करून सांगायचा, "काय सांगू, पाय जरा आधी दाबला असता तर वाचलो असतो." नवरा तिथेच उभा असला तरी सांगायचा. नवरा मग उठून गोठ्याकडे जायचा. तिथे गुरं नव्हती, रिकाम्या पेट्या होत्या, पण जायला एक जागा होती.

यंदा नवऱ्याने एकच अट घातली. "ट्रेलरला ब्रेक बसवा. मग मी चालवतो. त्याशिवाय नाही."

म्हणून भर दुपारी सून पिकअपच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणी पडली होती आणि तिचे पाय उघड्या दारातून बाहेर लोंबत होते. लग्नाआधी ती सहा वर्षं मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात वायरिंगला होती. लग्नानंतर ते कसब घरातले दिवे आणि पंप एवढ्यावर आलं होतं. कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकना वीज देणारा डबा, आणायला ती गावातल्या फिटरकडे गेली, तेव्हा त्याने आधी वेळ नाही म्हणून सांगितलं, आणि ती म्हणाली की मीच बसवते, तेव्हा तो दुकानातल्या दोघांकडे बघून हसला. "बाई, हे मिक्सरची वायर बदलण्याइतकं सोपं नाही." तिने डबा उचलला आणि निघाली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तो डबा दुसरीकडे मिळत नव्हता.

"पक्कड," ती आतून म्हणाली.

नवऱ्याने पक्कड तिच्या हातात दिली. त्याला गाडीच्या जवळ उभं राहवत नव्हतं आणि लांबही जाता येत नव्हतं. तो मगापासून एकाच पायावर भार देऊन उभा होता.

"किती वायरी आहेत?"

"चार. एक बॅटरीची, एक आर्थिंगची, एक ब्रेकच्या पायाकडून येते, एक मागे ट्रेलरला जाते."

"आणि ती पाचवी?"

"ती सेन्सरची."

सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. तिच्यावर बाण कोरलेला. गाडी किती जोरात थांबते आहे हे ती डबी ओळखते, कंट्रोलरला कळवते, आणि कंट्रोलर तेवढाच दाब ट्रेलरच्या चाकांना देतो. गाडी हळू थांबली तर ट्रेलरही हळू. बरोबरच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बाण पुढच्या दिशेला हवा आणि डबी अगदी सपाट बसवायला हवी. सुनेने ते वाचून दाखवलं तेव्हा पायरीवर बसलेला सासरा उठला.

"सपाट बसवायचंय ना? मग ते माझं काम."

या माणसाला गावात पाणसळ म्हणत. सपाटी बघायची बुडबुड्याची लाकडी पाणसळ त्याच्या कमरेला तीस वर्षं होती. पेटी ठेवताना तो ती लावून बघायचाच, पण पलंग, चूल, शेजाऱ्याच्या खिडकीची चौकट, काहीही दिसलं की लावून बघायचा आणि वाकडं निघालं की मनापासून खूश व्हायचा. हात मोडल्यापासून त्याला फारसं काही जमत नव्हतं. पेटी उचलता येत नव्हती, पेटीतल्या चौकटी काढता येत नव्हत्या, जेवतानासुद्धा डाव्या हाताने सांडलवंड व्हायची आणि मग तो ताट सरकवून उठायचा. सुनेने डॅशबोर्डखालून त्याच्याकडे बघितलं. स्क्रू तिला दोन मिनिटांत बसवता आले असते.

"बसवा बाबा," ती म्हणाली. "सीटच्या मागे, मधोमध. भोकं मी पाडून ठेवलीत."

"जमेल का त्यांना एका हाताने?" नवरा हळूच म्हणाला.

"ऐकू येतं मला," म्हातारा म्हणाला.

ती मग पिकअपखाली शिरली. मागच्या ट्रेलरपर्यंत वायर न्यायची होती आणि ती कुठे लोंबायला नको होती. खाली गरम धूळ आणि जुन्या तेलाचा वास. घाम डोळ्यांत जात होता आणि दोन्ही हात अडकलेले होते. वर सीटमागे म्हाताऱ्याची खुडबुड ऐकू येत होती. स्क्रू दोनदा खाली पडला. दोनदा शिवी ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मग समाधानाचा एक हुंकार.

"बसला," म्हातारा बाहेर येऊन म्हणाला. त्याचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता आणि तोंडावर कितीतरी महिन्यांनी उजेड होता.

संध्याकाळी पाचला रिकामा ट्रेलर जोडून त्यांनी गाडी घरापुढच्या सपाट रस्त्यावर काढली. चालवायला सून बसली. नवरा रस्त्याच्या कडेला उभा राहिला, दोन्ही हात काखेत दाबून. कंट्रोलरवर लाल आकडे लागले. सायकलीच्या वेगाने पन्नास पावलं गेल्यावर तिने ब्रेकवर नुसता पाय टेकवला.

ट्रेलरची चाकं जागच्या जागी जाम झाली. रबर किंचाळलं, मागून असा हिसका बसला की तिची छाती स्टिअरिंगवर आदळली. रस्त्यावर दोन काळ्या रेघा उठल्या.

नवरा धावत आला.  "हे काय आहे? हे घाटात असं झालं तर?"

"थांब. दाब कमी करते."

तिने चकती फिरवून दाब निम्मा केला. पुन्हा तेच, जरा कमी. आणखी कमी केला तर पुढच्या उताराच्या तुकड्यावर पुन्हा चाकं धरली गेली. पेट्या भरलेल्या असत्या तर आतली पोळी तुटून राणीमाश्या चिरडल्या असत्या. कंट्रोलरला बाजूला एक छोटा दांडा होता. हाताने तो हळूहळू सरकवला की पायाचा ब्रेक न लावताही ट्रेलर थांबायला हवा. तिने सरकवला. ट्रेलर शहाण्यासारखा हळूहळू थांबला.

"म्हणजे वायरी बरोबर आहेत," ती म्हणाली. "सेन्सरच फसवतोय. बघ, गाडी उभी आहे. नुसता पाय दाबते. आकडा एक यायला पाहिजे, कागदावर लिहिलंय. पाच येतोय. गाडी उभी असून याला वाटतंय ती जोरात थांबतेय."

"की तुझं वायरिंग चुकलंय."

"नाही चुकलं."

"तो फिटर म्हणत होता..."

"फिटर काय म्हणत होता ते मला माहीत आहे."

तिने तरीही सगळे जोड उघडले. चिकटपट्टी सोलून एकेक तार पुन्हा पिळली, टेस्टर लावून बघितला. सीटमागे वाकून बाण बघितला. बाण बरोबर पुढे होता, डबी घट्ट होती. ती सपाट आहे का, हे तिने बघितलं नाही. ते पाणसळने बसवलेलं होतं आणि पाणसळने बसवलेलं पुन्हा बघायचं नसतं, हे या घरात पेटत्या चुलीला हात लावायचा नसतो इतकं पक्कं होतं. पाय दाबला की पाच आकडा येतच राहिला.

"डबीच खराब निघाली," ती शेवटी म्हणाली. तिने टेस्टर खाली ठेवला. "दुकान आता बंद झालं असेल. उघडलं तरी तो बदलून देणार नाही."

"मग दांड्याने जाऊ," म्हातारा म्हणाला. "तू दांडा ओढ, हा गाडी चालवेल."

"घाटात?" नवरा त्याच्याकडे वळला. "मी पाय दाबणार आणि ही हात? दोघांचं एका वेळी जमलं नाही तर? बाबा, मला एकदा पुरे झालंय."

"एकदा पुरे झालं ते कुणामुळे," म्हातारा पुटपुटला. पुटपुटला तरी ऐकू गेलंच.

नवऱ्याने पाठ फिरवली. तो पेट्यांकडे निघून गेला. माश्या परतायला लागल्या होत्या, आता वेळ नव्हता. सून त्याच्या मागोमाग गेली. निघायचं की नाही हे ठरलं नव्हतं, तरी पेट्या बंद करायलाच हव्या होत्या. त्या आता बंद झाल्या नाहीत तर उद्याचा दिवस गेलाच. अंधार पडेपर्यंत दोघांनी चाळीस तोंडांना जाळ्या ठोकल्या आणि एकेक पेटी दोघांत धरून ट्रेलरवर चढवली. सासरा ट्रेलरशी उभा राहून जागा सांगत होता.

"दुमजली पेट्या पुढे. चाकांच्या वर आणि पुढे. मागे हलक्या."

सुनेला जरा नवल वाटलं. दुमजली जड पेट्या नेहमी मागे लादायच्या, म्हणजे खाली पोचल्यावर त्या आधी उतरतात आणि आधी उघडता येतात, हा म्हाताऱ्याचाच नियम होता. पण ती दमली होती, तिने विचारलं नाही. नवऱ्याने एकदा बापाकडे बघितलं आणि पेटी सांगितली तिथे ठेवली.

पहाटे पाचला तिघं अंगणात उभे होते. डोंगरामागे फिकट झालं होतं. ट्रेलरवरून चाळीस पेट्यांची एकच बारीक गुणगुण येत होती, आणि हवा आत्तापासूनच कोमट होती.

"उतरवू या," नवरा म्हणाला. "जाळ्या काढू. जगतील तितक्या जगतील."

"एकही जगणार नाही," म्हातारा म्हणाला.

"मग मी काय करू बाबा?"

 नवरा गोठ्याकडे गेला. म्हातारा घरामागे गेला, पेट्यांच्या रिकाम्या ओट्यांकडे. धूर करायचा डबा तिथेच राहिला होता, तो आणायला सून त्याच्या मागे गेली.

पेट्या उचलल्यावर ओट्यांवर लाकडाच्या बारीक पाचरी राहिल्या होत्या. प्रत्येक ओट्यावर एक. म्हातारा वाकून डाव्या हाताने त्या गोळा करत होता आणि खिशात टाकत होता. खाली गेल्यावर याच लागणार होत्या. पेटी अशीच ठेवायची असते. आडवी सपाट, पण मागून एक बोट वर, तोंडाकडे उतार. पावसाचं पाणी आत गेलं तर तोंडातून वाहून जायला हवं, आत साचलं तर पोळं कुजतं. म्हाताऱ्याने आयुष्यात एकही पेटी पाचरीवाचून ठेवली नव्हती.

सून चालता चालता थांबली. डबा तिच्या हातातच राहिला.

"बाबा," ती म्हणाली. "काल सेन्सर कसा बसवलात?"

"कसा म्हणजे? पाणसळ लावून. बुडबुडा मधोमध."

"आडवी लावून. आणि लांबीत?"

"लांबीत एक बोट उतार दिला, तोंडाकडे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अभिमान होता. "तुमची पिकअप मागच्या काचेतून गळते, मला माहीत नाही होय? पाणी आलं तर डबीवर थांबायला नको. बारीकशी पाचर सारली मागून."

बोलता बोलता त्याने तिचा चेहरा बघितला. तिला तोंड लपवता आलं नाही. म्हाताऱ्याचा हात खिशाशीच थांबला. सपाट म्हणजे पेटीसारखं सपाट, एवढंच त्याला ठाऊक होतं. ती डबी नाक खाली करून बसली होती. नाक खाली म्हणजे गाडी थांबते आहे, एवढंच डबीला ठाऊक होतं. तो मूर्ख नव्हता. त्याला कळायला वेळ लागला नाही.

सून वळली आणि पळत गाडीकडे गेली. सीट पुढे ओढली, स्क्रू ढिले केले, डबीखाली बोट घातलं. पाचर होती. पातळ, गुळगुळीत, खास तासलेली. तिने ती ओढून कमरेला खोचली, स्क्रू पुन्हा आवळले आणि पुढे येऊन पायाने ब्रेक दाबला. आकडा एक.

तिला रडू आलं. तिने डोळे कोपराने पुसले.

"काय झालं?" नवरा गोठ्यातून आला होता. मागून म्हाताराही आला होता आणि ट्रेलरशी उभा होता. त्याचा वाकडा हात पोटाशी धरलेला होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी त्याच्या थोबाडीत मारायची तो वाट बघतो आहे.

सुनेने एक क्षण त्याच्याकडे बघितलं. काल दुपारचा त्याचा चेहरा तिला आठवला. मग ती नवऱ्याला म्हणाली, "आर्थिंगचा नट ढिला राहिला होता. माझ्याकडूनच."

"बघ," नवरा म्हणाला. "काल दहादा म्हणालो, वायरिंग बघ. दहादा."

"हो. चुकलं माझं."

 सहा वर्षांत तिच्या हातून एक आर्थिंग ढिलं राहिलं नव्हतं. पण बोलून झालं होतं. नवरा गाडीत बसला, रस्त्यावर नेऊन त्याने स्वतः ब्रेक लावून बघितला. एकदा, दोनदा, पाचदा. भरलेला ट्रेलर दरवेळी सरळ आणि हळू थांबला. परत आल्यावर तो म्हणाला, "चला."

तिघं पुढेच बसले. नवरा चालवायला, सून मधे, म्हातारा खिडकीशी. घाट लागेपर्यंत पाऊण तास गेला. नवऱ्याने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की त्याची नखं पांढरी झाली होती. घाट सुरू झाला तसा तो दुसऱ्या गिअरवर आला. आकडा दोन व्हायचा, तीन व्हायचा, पुन्हा एकावर यायचा. सून आकड्याकडेच बघत होती. तिने उजवा हात दांड्याजवळ नेला.

"काढ तो हात," नवरा म्हणाला. "मी दाबतोय ना."

तिने काढला.

चौथ्या वळणावर कठड्याला गेल्या वर्षीची खूण होती. दगड फुटलेला, त्यावर हिरवा रंग घासलेला, आणि खाली अजूनही लाकडाच्या चिपा. ती कुणी दाखवायची गरज नव्हती. वळण संपता संपता नवऱ्याने वाकून पुढे बघितलं आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला.

पुढे मालाचा एक ट्रक अर्धा रस्ता अडवून उभा होता. टायर फुटलेलं. त्याच्या मागे एक माणूस पाना घेऊन रस्त्यातच बसलेला, पाठ यांच्याकडे.

नवऱ्याने पाय दाबला. अर्धवट नाही, पूर्ण. आकडा तीन, पाच, सात. मागून ट्रेलरने ओढ घेतली, पेट्या बांधलेले पट्टे करकरले, पेट्यांतली गुणगुण एकदम चढली. सुनेने डोळे मिटले नाहीत, तिला मिटताच आले नाहीत. गाडी सरळ राहिली. ट्रेलर सरळ राहिला. टायर बदलणाऱ्या माणसाने मान वळवली तेव्हा पिकअपचं नाक त्याच्यापासून चार हातांवर थांबलेलं होतं.

"अहो, जरा बेताने!" तो माणूस म्हणाला आणि पुन्हा नट फिरवायला लागला.

नवरा हसला की रडला ते सुनेला कळलं नाही. त्याचा पाय अजून ब्रेकवर पुरता दाबलेला होता. तिने हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्याने या खेपेला काढ म्हटलं नाही.

"नट ढिला नव्हता," म्हातारा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला.

"बाबा, राहू द्या," सून म्हणाली.

"नट ढिला नव्हता. डबीखाली माझी पाचर होती. हिने मला झाकलं."  मान न वळवता तो बोलत राहिला. "आणि गेल्या वर्षी दुमजली पेट्या मी मागे लादायला लावल्या होत्या. शेपटीला भार झाला म्हणून ट्रेलर झुलला. तुझा पाय वेळेवर होता. मला दवाखान्यातच समजलं होतं. आधी बोललो नाही, आणि मग बोलायची वेळ गेली."

नवरा समोर बघत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वळवली. "काय माहीत आहे?"

"फुटलेल्या पेट्या मीच गोळा केल्या ना. कुठली कुठे पडली ते मीच बघितलं. दुमजली सगळ्या मागे होत्या."

"मग बोलला का नाहीस? वर्षभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला..." त्याला पुढे बोलवेना.

नवऱ्याने गिअर टाकला. पुढचा माणूस हाताने जा म्हणत होता. "तुम्ही हात गळ्यात बांधून बसला होता," तो म्हणाला. "त्यात आणखी काय बोलायचं."

ट्रकच्या बाजूने त्याने पिकअप अलगद काढली. उरलेला घाट त्याने दुसऱ्या गिअरवरच उतरवला. दोघा बापलेकांच्या मधे बसून सुनेला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचीही दया आली होती. एकाच ताटातली भाजी वाढून घेत हे दोघं वर्षभर गप्प बसले होते, आणि तिला वाटत होतं की या घरात फक्त वायरींचाच घोळ आहे.

साडेआठला ते शेतात पोचले. सूर्यफुलं माणसाच्या छातीएवढी उंच होती आणि सगळी उन्हाकडे तोंड करून उभी होती. नवरा आणि सून पेट्या उतरवायला लागले. म्हातारा ओळीने पुढे सरकत होता, पाणसळ आडवी लावत होता, मागून पाचर सारत होता. जाळी काढली की माश्या भसकन बाहेर पडायच्या, पेटीपुढे दोन घिरट्या घालायच्या आणि फुलांत शिरायच्या. एकही पेटी मेली नव्हती.

शेतवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. "आलात म्हणायचं! मला वाटलं, गेल्या वर्षीसारखं होतंय की काय. हात कसा आहे तुमचा? पोराचा पाय उशिरा पडला होता ना तेव्हा?"

हा प्रश्न म्हाताऱ्याला वर्षभर सगळ्यांनी विचारला होता आणि उत्तर त्याच्या तोंडात बसलेलं होतं. नवरा दहा पावलांवर पेटी घेऊन येत होता. त्याने ऐकलं. त्याने वाट बदलली नाही, पण तो पेटीकडे बघायला लागला.

"नाही," म्हातारा म्हणाला. तो मुद्दाम मोठ्याने बोलला. "त्याचा पाय वेळेवर होता. मी भार चुकीचा लादला होता. चूक माझी."

शेतवाल्याला यात काही विशेष वाटलं नाही. "होतं असं," म्हणून तो बांधावरच्या बैलाकडे वळला.

नवरा पेटी धरून तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने ती ओळीतल्या शेवटच्या जागी ठेवली. म्हाताऱ्याने पाणसळ लावली, खिशात हात घातला. खिसा चाचपला. पाचरी संपल्या होत्या.

सुनेने कमरेला खोचलेली पाचर काढून पुढे केली. ती घामाने ओली झाली होती. म्हाताऱ्याने ती घेतली, क्षणभर बघितली, आणि लेकापुढे धरली.

"माझ्या हाताला जोर नाही," तो म्हणाला. "तू सार. एक बोट."

नवरा गुडघ्यावर बसला. त्याने पेटी मागून उचलली, पाचर सारली आणि जाळी काढली.